तीनशे बारा पायऱ्या

चिआतुरात रस्ते कमी, तारा जास्त.
दरीच्या या काठावरून त्या काठावर
लोखंडी डबे जायचे, खाणकामगारांनी भरलेले,
आणि खाली क्विरीला नदी,
मँगनीज धुऊन धुऊन काळी पडलेली.

मुर्मान मास्तर वरच्या पठारावरच्या शाळेत
आम्हाला तत्त्वज्ञान शिकवायचे.
भीती म्हणजे, ते सांगायचे, चुकलेला निष्कर्ष.
गृहीतक तपासा, गाठ सापडेल. गाठ सोडवा.
फळ्यावर एक लांब बाण काढायचे
आणि टोकाशी लिहायचे: निर्भय.

मग घंटा व्हायची. आम्ही डब्यात चढायचो,
आणि ते कोटाची बटणं लावून
कड्याच्या अंगानं तीनशे बारा पायऱ्या उतरायला लागायचे.
पावसात, धुक्यात, साठी जवळ आली तरी.
खाली आमची गरम लोबियानी खाऊन संपायची
तेव्हा कुठे त्यांची टोपी वळणावर दिसायची.
मी हसायचो. सगळेच हसायचे, पण मी जास्त.

एकदा त्यांनीच विषय काढला.
"दोरीला साप समजत असतो तर सोपं होतं.
दिवा लावला की संपलं.
मी दोराला दोरच समजतो.
पोलादाचे पदर किती, जाडी किती, कधी बदलला,
सगळं पाठ आहे.
तरी गुडघे ऐकत नाहीत.
गुडघ्यांना कुठली भाषा कळते, कुणास ठाऊक."

डबा लामारा चालवायची.
दिवसातून चाळीस वेळा ती पोकळी ओलांडायची,
एका हातानं दार धरून, सूर्यफुलाच्या बिया फोडत.
पण गल्लीत कोंबडी दिसली की भिंतीला चिकटायची,
घशातून आवाज निघायचा नाही.
"मास्तर," तिनं विचारलं,
"तुमच्या पुस्तकांत कोंबड्यांबद्दल काही आहे?"
त्यांनी खरंच शोधलं. दोन आठवडे.
"नाही. मृत्यूबद्दल मात्र पुष्कळ आहे."
"मृत्यूचं मला काही नाही," लामारा म्हणाली,
"तो फडफडत अंगावर येत नाही."

फेब्रुवारीत पायऱ्यांवर बर्फाची काच चढली,
पालिकेनं साखळी लावली.
त्याच संध्याकाळी खालच्या इस्पितळातून निरोप आला:
नाझिब्रोलाबाई विचारताहेत, ते कुठे आहेत.
मी डब्यात होतो, बटाट्यांचं पोतं घेऊन.
मास्तर आत आले आणि थेट जमिनीवर बसले,
टोपी दोन्ही हातांत, जशी दुसऱ्या कुणाची असावी.

मधोमध वारा लागला.
"भीती म्हणजे," त्यांनी सुरुवात केली,
आणि वाक्य तिथेच लटकत राहिलं, आमच्यासारखंच.
लामारा 'घाबरू नका' म्हणाली नाही.
तिनं बिया खिशात टाकल्या,
बूट सरकवून त्यांच्या बुटाला टेकवला
आणि विचारलं, "कोंबडीची गोष्ट सांगू?
मी पाच वर्षांची होते. तेव्हाची."
चार मिनिटांत ती गोष्ट संपली नाही.
डबा टेकला तरी दार न उघडता
तिनं शेवट सांगितला.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर बाण नव्हता.
"परवा युक्तिवाद माझ्याबरोबर डब्यात नव्हता,"
ते म्हणाले, "तो पायऱ्यांनी आला.
मी पोचल्यावर बऱ्याच वेळानं,
धापा टाकत, इस्पितळाच्या बाकाशी.
मी सरकून त्याला जागा दिली."
कुणी हसलं नाही. वहीत लिहूनही घेतलं नाही.

बर्फ वितळलं आणि ते पुन्हा पायऱ्यांनीच जाऊ लागले.
फक्त काही सकाळी, लामाराच्या गल्लीत,
तिच्यापुढे दहा पावलं चालताना दिसायचे,
टोपीनं कोंबड्या हाकलत.

मी आता रुस्तावीत राहतो, चौथ्या मजल्यावर.
गॅस बंद आहे हे मला माहीत असतं.
दार लावलंय हेही.
तरी रात्री सात वेळा उठतो,
आणि सातव्यांदा, कुलपावर हात ठेवून,
जिन्यात कुणाची धाप ऐकू येतेय का,
ते ऐकत उभा राहतो.